चौथ्या सीटचा न्याय

बायकांच्या डब्यातली भांडणं हा मुंबईतला एक जुना, हुकमी विनोद आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ठाणे-पनवेल लोकलमध्ये जागेवरून मारामारी झाली, सोडवायला गेलेली महिला पोलीसही जखमी झाली आणि ती चित्रफीत घरोघरच्या मोबाइलवर फिरली. प्रतिक्रिया ठरलेलीच होती : "बघा, शेवटी बाईच बाईची शत्रू!" पुरुषांच्या डब्यातही दारात उभं राहण्यावरून, पत्त्यांच्या अड्ड्यावरून, बॅग ठेवण्यावरून हाणामाऱ्या होतात. पण त्यावरून 'पुरुषच पुरुषाचा शत्रू' असा निष्कर्ष काढल्याचं कधी ऐकिवात नाही. तिथे दोन माणसं भांडतात. आपल्याकडे मात्र दोन बायका भांडल्या की अख्ख्या स्त्रीजातीचा स्वभाव सिद्ध होतो.

मैत्रिणींनो, माझं काम अंधेरी ते बोरिवली या पट्ट्यातल्या वस्त्यांमधलं. बचतगट, घरकामगार बायकांच्या बैठका, समुपदेशन. रोजचं येणं-जाणं अर्थातच बायकांच्या डब्यातून. या दोन्ही ठिकाणी जे दिसतं, त्यावरून माझं मत नेमकं उलट झालं आहे. बायकांना एकमेकींशी जुळवून घेता येत नाही म्हणून त्या भांडतात, हे खरं नाही. सहकार्य ज्या न्यायाच्या जाणिवेवर उभं असतं, ती जाणीव त्यांच्यात जागी आहे म्हणून त्या भांडतात. प्रश्न वेगळाच आहे. ही जाणीव कुठे चालते, कुठे गप्प बसवली जाते आणि त्यात फायदा कुणाचा होतो, हा तो प्रश्न.

न लिहिलेले नियम

डब्यात रेल्वेने बऱ्याच सूचना लावलेल्या असतात. पण सकाळी सव्वाआठच्या गर्दीत जागा कुणाला मिळावी, याबद्दल त्यात एक अक्षर नसतं. तरीही गोरेगावला चढलेली बाई आत शिरते आणि बसलेलीला विचारते, "कुठे उतरणार?" उत्तर येतं, "दादर. पण सांगितलंय." म्हणजे या जागेवर आधीच कुणीतरी नंबर लावला आहे. मग ती पुढच्या बाकाकडे वळते. तिथे 'अंधेरी' असं उत्तर मिळालं की तिची जागा नक्की झाली. अंधेरीला ती बाई उठते तेव्हा नंबर लावलेली चार माणसांपलीकडे उभी असली, तरी जवळची बाई पटकन बसून घेत नाही. बसलीच, तर आजूबाजूच्या दोघी-तिघी लगेच साक्ष देतात : "अहो ताई, त्यांनी गोरेगावलाच विचारलं होतं!"

बाक तिघींचा. बसतात चौघी. चौथी जेमतेम अर्धी टेकते, एक पाय रस्त्यात, एक हात वरच्या कडीला. तरी 'जरा सरकून घ्या' म्हटल्यावर तिघी सरकतात, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकीने कधी ना कधी त्या कोपऱ्यावर प्रवास केलेला असतो. रोजच्या गाडीतल्या जुन्या गटांमध्ये तर वाटणीही ठरलेली असते. बोरिवलीहून बसून आलेली अंधेरीला उठते आणि तिथपर्यंत उभी असलेली बसते. पोटुशी बाई किंवा कडेवर मूल असलेली बाई आली, की नंबर बाजूला राहतो. दाराशी वेगळी रांग असते. पुढच्या स्टेशनला उतरणाऱ्या पुढे, त्यानंतरच्या मागे.

यातलं काहीही कायद्यात नाही. या बायका एका जातीच्या, एका भाषेच्या, एका पगाराच्या नाहीत. बहुतेकींना एकमेकींची नावंही माहीत नसतात. तरी शब्द पाळला जातो. ज्यांना वाटतं की बायकांना संघटित होता येत नाही, त्यांनी एकदा हा डबा नीट पाहावा.

न्यूयॉर्कला स्टॅन्ली मिलग्रॅम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक गमतीदार प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांनी तिथल्या भुयारी रेल्वेत जायचं आणि बसलेल्या अनोळखी माणसाला कोणतंही कारण न देता सरळ विचारायचं, "मला तुमची जागा द्याल का?" शंभरातल्या जवळजवळ ६८ जणांनी उठून किंवा सरकून जागा दिली! पण जास्त बोलकी गोष्ट वेगळीच होती. विचारणाऱ्यांचीच घालमेल झाली. शब्द घशात अडकले, काहींना तर बरं वाटेनासं झालं. हा अनुभव खुद्द मिलग्रॅमलाही आला. दुसऱ्याचा हक्क विनाकारण मागणं आपल्या मनाला इतकं जड जातं. नियम बाहेर पाटीवर नसला, तरी आत पक्का बसलेला असतो.

आता आपल्या गाडीतला प्रश्न बघा. 'तुमची जागा द्या' असं आपण म्हणतच नाही. आपण विचारतो, 'कुठे उतरणार?' म्हणजे तुझा वाटा तुझाच, तुझ्यानंतरची पाळी मात्र माझी. हा प्रश्न कुणी शोधून काढला, कुणालाही सांगता येणार नाही. पण यात कुणाचा अपमान नाही, कुणावर उपकार नाही आणि हाव तर नाहीच.

रागाचं काम

या व्यवस्थेत भांडणं कधी होतात? जागा नाही म्हणून क्वचितच. जागा नाही हे तर सगळ्यांनाच माहीत असतं. भांडण होतं ते एकीने रुमाल टाकून न आलेल्या मैत्रिणीची जागा धरली तर. सांगून ठेवलेल्या जागेवर दुसरी बसली तर. तिघींनी ऐसपैस बसून चौथीकडे मान वळवली तर. म्हणजे राग टंचाईचा नसतो, नियम मोडल्याचा असतो.

गंमत अशी की पुष्कळदा जिचं नुकसान झालेलं नसतं, तीच बाई जास्त आवाज चढवते. तिला स्वतःला जागा मिळणार नसते, तिचं स्टेशनही जवळ आलेलं असतं. तरी ती दुसरीच्या वतीने भांडते. आपण तिला 'नसती उठाठेव करणारी' म्हणतो. पण तिच्याविना हा डबा चालणार नाही.

हे केवळ माझं मत नाही. अर्न्स्ट फेर आणि सायमन गॅख्टर यांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला झुरिकमधला एक प्रयोग यावर चांगला प्रकाश टाकतो. चार-चार जणांचे गट. प्रत्येकाला थोडे पैसे दिलेले. हवे तर स्वतःकडे ठेवा, हवे तर सामाईक गल्ल्यात टाका. गल्ल्यातली रक्कम वाढवून चौघांत सारखी वाटली जाई. सगळ्यांनी टाकलं तर सगळ्यांचा फायदा. पण ज्याने काहीच टाकलं नाही, त्यालाही सारखाच वाटा! सुरुवातीला बऱ्याच जणांनी मनापासून पैसे टाकले. मग फुकट खाणारे दिसू लागले, तसे देणारेही हात आखडते घेऊ लागले आणि गल्ला आटत गेला. त्यानंतर नियम बदलला. आता स्वतःच्या पदरचे पैसे खर्चून फुकट खाणाऱ्याला दंड करता येत होता. गट दर वेळी बदलत होते. ज्याला दंड केला, तो पुन्हा भेटणार नव्हता. दंड करणाऱ्याला त्यातून एक पैसाही मिळणार नव्हता. तरी लोकांनी दंड केला आणि गल्ला पुन्हा भरू लागला.

बचतगट चालवणाऱ्या प्रत्येक बाईला ही गोष्ट प्रयोगाशिवायच माहीत आहे. एकीचा हप्ता तीन महिने थकला आणि कुणी बोललं नाही, की चौथ्या महिन्यात आणखी दोघींचे थकतात. त्यांची नियत बिघडलेली नसते. 'मीच का मूर्ख ठरू?' हा प्रश्न त्यांच्या मनात आलेला असतो. त्या वेळी बैठकीत जी बाई उभी राहून 'ताई, तुमचे पैसे का आले नाहीत?' असं विचारते, ती गटाची वैरीण नसते. ती गट वाचवत असते.

दुसरा प्रयोग त्याहून साधा. १९८२ साली जर्मनीत वेर्नर ग्यूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला. दोन अनोळखी माणसं. समजा, एकाच्या हातात शंभर रुपये दिले. त्याने दुसऱ्याला त्यातले किती द्यायचे ते सांगायचं. दुसऱ्याने मान्य केलं तर दोघांना तसे पैसे मिळणार. त्याने नाकारलं तर दोघांनाही काही नाही. हिशेबी माणूस म्हणेल, दहा रुपये मिळाले तरी घ्यावेत, काहीच नसण्यापेक्षा बरे. पण हा खेळ पुढे अनेक देशांत खेळला गेला, तेव्हा साधारणपणे देऊ केलेला वाटा चाळीस-पन्नासच्या घरात निघाला. आणि वीसच्या खालचे वाटे जवळजवळ निम्म्या वेळा नाकारले गेले. वस्तीतल्या बैठकीत हा खेळ सांगितला, की बायकांचं उत्तर तयार असतं : "दहा रुपये? राहू देत त्याच्याकडेच! नाहीतर बुडू देत दोघांचे!"

मात्र एक लक्षात ठेवायला हवं. पेरू देशातल्या जंगलात राहणाऱ्या माचिगेंगा लोकांमध्ये हा खेळ झाला, तेव्हा तिथे देऊ केलेले वाटे बरेच कमी होते आणि ते क्वचितच कुणी नाकारले. म्हणजे अन्यायाची चीड माणसात असते खरी, पण 'रास्त वाटा किती' हे माप समाज शिकवतो. जे शिकवलं जातं ते कमीही शिकवता येतं. हा मुद्दा पुढे घराच्या संदर्भात फार महत्त्वाचा आहे.

दोन न्यायांची टक्कर

डब्यातलं सगळ्यात गाजलेलं भांडण म्हणजे विरारवाल्या विरुद्ध बोरिवलीवाल्या. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये बोरिवलीची बाई चढली, तर तिला टोमणे ऐकावे लागतात : "तुमच्यासाठी बोरिवली गाडी आहे ना?" कधी तिला बोरिवलीला उतरूच दिलं जात नाही. बोरिवलीची बाई म्हणते, तिकीट मी काढलंय, गाडी सगळ्यांची आहे. विरारची बाई म्हणते, चर्चगेट ते विरार साठ किलोमीटर मी अशीच उभ्याने जाते, तुला दहा गाड्या आहेत, मला ही एकच आहे. मध्य रेल्वेवर घाटकोपर-मुलुंडच्या बायका आणि डोंबिवली-कल्याणच्या बायका यांच्यात हेच चालतं.

यात खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. एकीचा न्याय 'तिकीट सारखं, हक्क सारखा' असा आहे. दुसरीचा न्याय 'जिची गरज मोठी, तिचा हक्क आधी' असा आहे. घरात आपण दोन्ही वापरतो. पोळ्या भुकेप्रमाणे वाढतो, दिवाळीचे कपडे मात्र सगळ्या मुलांना सारखे घेतो. दोन खरे न्याय एका दारात अडकले की त्यातून द्वेष तयार होतो. सकाळी मालाड-कांदिवलीहून उलट बोरिवलीला जाऊन, तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून येणाऱ्या 'रिटर्न'वाल्यांवर बोरिवलीकर चिडतात, तेही याच कारणाने. एकीच्या मते ती जास्तीचा वेळ खर्चून जागा कमावते. दुसरीच्या मते ती रांगेत घुसते. कुणाला उतरू न देणं मला मुळीच मान्य नाही. त्यात जिवाला धोका आहे. पण त्यामागे बायकांचा मत्सरी स्वभाव आहे, हे निदान चुकीचं आहे.

मुळात दाराशी इतकी टंचाई आली कुठून? १९८९ च्या रेल्वे कायद्यातलं ५८ वं कलम सांगतं, की प्रत्येक प्रवासी गाडीत बायकांसाठी एक कप्पा, किंवा रेल्वे प्रशासनाला योग्य वाटतील तितक्या जागा राखून ठेवाव्यात. 'योग्य वाटतील तितक्या'! कुणाला योग्य? वाटणी आधी वर ठरते. उरलेल्या तुकड्यावर आपण खाली एकमेकींच्या झिंज्या उपटतो आणि वरचा माणूस खाली बघून म्हणतो, 'बायका ना, भांडणारच!' बाकीचे डबे 'सर्वांसाठी' आहेत हे म्हणणं कागदावर बरोबर आहे. सकाळच्या गर्दीत त्यात चढून बघा, म्हणजे 'सर्व' या शब्दाचा अर्थ कळेल.

५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त बायकांसाठी पूर्ण गाडी सुरू केली. त्याच वर्षी १ जुलैला मध्य रेल्वेने तेव्हाच्या व्ही.टी.हून कल्याणला तशी गाडी सोडली. पुढे पश्चिम रेल्वेची गाडी विरारपर्यंत गेली. त्या गाड्यांमधून प्रवास केलेल्या कुणालाही विचारा. त्याच बायका, तीच धावपळ, पण गाडीभर जागा असली की बायकांचा स्वभाव एकदम सुधारतो! वाढदिवसाचा केक येतो, हळदीकुंकू होतं, भाजी निवडायला शेजारणीचे हात मिळतात.

आणि वर ठरवलं जातं तेव्हा आपल्याला विचारलं तरी जातं का? ऑक्टोबर २०२० ची आठवण काढा. करोनाच्या काळात बंद असलेल्या लोकलचं दार २१ ऑक्टोबरपासून बायकांसाठी उघडलं. वेळ होती सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. दहाच्या कार्यालयाला पोचायचं असणारी, सकाळी सातला कामावर हजर व्हायचं असणारी घरकामगार, यांनी त्या सवलतीचं काय करायचं होतं? गर्दी टाळण्याचं कारण खोटं नव्हतं. पण ज्यांच्यासाठी सोय करायची, त्यांचा दिवस कसा जातो हे त्यांना विचारून वेळ ठरवली असती, तर निर्णय वेगळा झाला असता. जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर यांनी १९७५ साली न्यायदानाच्या मानसशास्त्रावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचा निष्कर्ष असा की, आपलं म्हणणं नीट मांडायला मिळालं असेल, तर माणसं निकाल विरुद्ध गेला तरी तो रास्त मानायला तयार होतात. न विचारता दिलेली सवलत भीक वाटते. विचारून ठरवलेली तडजोडही आपली वाटते.

आपल्या वर्तुळाबाहेरच्या

आता थोडं आपल्याकडेही बघायला हवं. डब्यातला न्याय सुंदर आहे, पण तो सगळ्यांना सारखा लागू होत नाही. मासळीची टोपली घेऊन कोळीण चढली, तर पदर नाकाला लागतात आणि 'लगेजच्या डब्यात जा' असं ऐकवलं जातं. भांडीधुणी करून परतणारी बाई दाराशी खाली बसलेली असते. तिला 'कुठे उतरणार?' असं कुणी विचारत नाही आणि तीही कुणाला विचारत नाही. पिना-क्लिपा विकणारी मुलगी माल दाखवते तोवर हवीशी, गर्दी वाढली की अडचण. तृतीयपंथी प्रवासी चढली की शेजारची जागा आपोआप रिकामी होते. आणि जुन्या गटांचे बाक तर असे धरलेले असतात, की नव्या मुलीला सहा महिने उमेदवारी करावी लागते.

सहकार्याचं हे दुसरं तोंड आहे. ज्यांना आपण 'आपल्यातल्या' मानतो, त्यांच्यापुरताच न्याय. जातीची पंगत याच तत्त्वावर चालत आली. पंगतीच्या आत वाढप अगदी काटेकोर, पंगतीबाहेर उरलंसुरलं. म्हणून 'आमच्या डब्यात किती छान जमतं' एवढं म्हणून थांबता येत नाही. जिला रांगेत नंबरच नाही, तिच्या गप्प राहण्याला आपण समाधान समजतो.

डब्यात एक, घरात एक

आणि इथेच मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट येते. डब्यात सांगितलेल्या जागेसाठी अख्ख्या गाडीशी भांडणारी हीच बाई बोरिवलीला उतरते, भाजी घेते, घरी जाते आणि तिथे वाट्याचा शब्दही काढत नाही. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या सहा वर्षांवरच्या मुली-बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्या बिनमोल कामात जातात. पुरुषांची ८८ मिनिटं. हे ८८ सुद्धा फक्त काही ना काही घरकाम करणाऱ्या पुरुषांचे. जे काहीच करत नाहीत, ते या सरासरीत धरलेलेच नाहीत. म्हणजे सकाळी गाडीत टेकायला जागा शोधणारी बाई पहाटेपासून एक पाळी संपवून आलेली असते. चौथ्या सीटसाठी ती का झगडते, हे ज्यांना कळत नाही, त्यांनी हे मिनिटांचं गणित करावं.

शंभरातले दहा रुपये तोंडावर फेकणारी बाई इथे दहा रुपये कसे घेते? 'तिला आवडतं', 'बायका प्रेमापोटी करतात' ही आपल्याकडची तयार उत्तरं. अमेरिकेत ब्रेंडा मेजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली केलेले प्रयोग वेगळं उत्तर देतात. पुरुष आणि बायका यांना सारखंच काम दिलं आणि सांगितलं, तुमच्या कामाचे रास्त वाटतील तितके पैसे तुम्हीच घ्या. बायकांनी पुरुषांपेक्षा कमी घेतले. दुसऱ्या प्रयोगात पैसे ठरलेले होते आणि तेवढ्या पैशात किती काम करायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं. बायकांनी जास्त वेळ आणि जास्त अचूक काम केलं. पण पहिल्या प्रयोगातच एक गोष्ट फार मोलाची निघाली. आधी इतरांनी किती पैसे घेतले याची यादी समोर ठेवली, की बायका आणि पुरुष यांच्यातला तो फरक नाहीसा झाला.

म्हणजे बाईला न्याय कळत नाही असं नाही. तिच्याकडे माप नसतं. डब्यात माप डोळ्यांसमोर असतं. बाक एक, बसणाऱ्या चार, कोण किती टेकली ते दिसतं. घरात माप कुठे आहे? तिची तुलना नवऱ्याशी होतच नाही. ती होते सासूशी ('आमच्या वेळी तर पाट्यावर वाटावं लागे'), जावेशी, नाहीतर 'निदान मारत तरी नाही ना!' अशा कुणा शेजारणीच्या नवऱ्याशी. या तुलनेत तिचा वाटा नेहमी पुरेसाच दिसतो. माचिगेंगांच्या जंगलात जायची गरज नाही. कमी वाटा रास्त मानायला शिकवणारी शाळा आपल्या माजघरात आहे.

त्या शाळेचा आवडता शब्द म्हणजे 'ॲडजस्ट कर'. गाडीत हा शब्द आपण चांगल्या अर्थाने वापरतो. तिथे तिघी सरकतात म्हणून चौथी बसते. सगळ्यांनी थोडं सरकायचं असतं. घरात हाच शब्द एकीलाच सांगितला जातो. बाकीचे ऐसपैस बसलेले आणि 'सरक, सरक' फक्त हिला. ज्या सरकण्याला पाळी नाही, ते सहकार्य नव्हे. समुपदेशनाला येणाऱ्या किती बायका सांगतात, 'मी भांडकुदळ आहे असं घरचे म्हणतात, माझं काही चुकतं का?' खोलात गेलं की कळतं, तिने फक्त वाटा मागितलेला असतो.

मग करायचं काय?

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीने जगभरची सामाईक कुरणं, मच्छीमारीचे किनारे, पाटाचं पाणी यांचा अभ्यास करून १९९० साली पुस्तक लिहिलं. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. सामाईक गोष्ट एक तर सरकारच्या ताब्यात हवी, नाहीतर कुणाच्या मालकीची, एरवी लोक तिची वाट लावतात, हा समज त्यांनी खोडून काढला. लोक ती पिढ्यान् पिढ्या नीट सांभाळू शकतात. मात्र काही गोष्टी लागतात. नियम बनवण्यात वापरणाऱ्यांचा हात हवा. नियमावर लक्ष ठेवणारी माणसं त्यांच्यातलीच हवीत. चुकणाऱ्याला आधी सौम्य आणि मग कडक शिक्षा हवी. तंटा तिथल्या तिथे सुटायला हवा. आणि वरच्या सत्तेने लोकांचा संघटित होण्याचा अधिकार मानायला हवा.

आपल्या डब्यात पहिल्या गोष्टी आहेत, शेवटची नाही. म्हणून मागणी तिथे हवी. वेळापत्रक आणि डबे ठरतात तिथे रोज प्रवास करणाऱ्या बायका बसल्या पाहिजेत. त्यात एखादी घरकामगार आणि एखादी मासळीवाली असलीच पाहिजे. तेजस्विनी महिला रेल्वे प्रवासी संघटनेसारख्या संघटना बायकांच्या प्रवासाचे प्रश्न मांडत आल्या आहेत. त्यांच्यामागे आपण किती जणी उभ्या राहतो? विरारवालीने बोरिवलीवालीला अडवण्यात जेवढी ताकद जाते, तेवढी दोघींनी मिळून आणखी एका गाडीच्या मागणीत लावली तर?

हे स्वप्नरंजन नाही, उपनगरांनी ते करून दाखवलेलं आहे. १९७२ साली साखर, तेल, रॉकेल मिळेनासं झालं, तेव्हा रेशनच्या रांगेत बायका एकमेकींवरच चिडत होत्या. गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांनी वेगवेगळ्या पक्षांत असूनही महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभारली. थाळ्या आणि लाटणी घेऊन हजारो बायका रस्त्यावर आल्या. राग तोच होता, वाट्याचाच. त्याचं तोंड मात्र पुढच्या बाईकडून मंत्रालयाकडे वळलं.

घरासाठीही उपाय इथूनच सुरू होतो. माप हातात घ्या. एक आठवडा कोण किती वाजता उठलं, कोणी काय केलं, कोण किती वेळ बसलं, हे कागदावर लिहा. आमच्या बचतगटांमध्ये हा कागद आला, की पहिल्यांदा हशा पिकतो आणि मग बैठक गंभीर होते. तो कागद नवऱ्यासमोर ठेवायचा की नाही, कधी ठेवायचा, हे जिचं तिने ठरवावं. जिथे मारहाणीची भीती आहे, तिथे आधी सुरक्षितता. पण मैत्रिणींना तरी तो दाखवाच. यादी समोर आली की वाट्याची समज बदलते, हे आपण वर पाहिलं.

आणि अशी तुलना करायला आपल्याला रोज तास-दीड तास मिळतो, त्याच डब्यात. शेंगा सोलता सोलता 'तुझ्याकडे सकाळचा डबा कोण भरतं?' एवढंच विचारायचं. मुलीला शिकवताना 'भांडू नकोस, ॲडजस्ट कर' याऐवजी 'आधी बघ, सगळे सरकताहेत का?' असं म्हणायचं. सगळे सरकत असतील तर आनंदाने सरकावं, अर्ध्या सीटवर टेकून विरारपर्यंत जावं. आणि एकटीलाच सरकवलं जात असेल, तर आवाज चढवावा. तुम्हाला कुणी भांडकुदळ म्हणालं, तर म्हणू द्या. तुमच्या बाजूने साक्ष द्यायला दोघी-तिघी नक्की उभ्या राहतील.